रिपीट करू, साहेब?

परमिट रूममध्ये गिऱ्हाइकाला किती दारू द्यायची, हे कागदोपत्री परवानाधारकाच्या हातात असते. प्रत्यक्षात ते टेबलाशी उभा असलेला वेटर ठरवतो. ‘रिपीट करू, साहेब?’ असे तो विचारतो, गिऱ्हाईक मान हलवते, आणि काउंटरवरून पुढचा पेग निघतो. मधे कुणी थांबत नाही. थांबावे असे वेटरला वाटले, तरी तसे म्हणण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नसतो. शिवाय त्याची टिप बिलाच्या आकड्यावर वाढते.

महाराष्ट्रात दारूवरचा वाद बहुतेक वेळा बाटली उभी की आडवी, म्हणजे विक्री चालू की बंद, इथेच संपतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; वर्ध्यात ती त्याच्याही कितीतरी आधीची. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. गावोगावच्या बायकांनी मतदान करून दुकाने बंद पाडली, तो इतिहास मोठा आहे. पण जिथे बाटली उभी राहिली, तिथे ती ओतायची कशी आणि कुठे थांबायचे, यावर फारसे कुणी बोलत नाही. बंदीवाल्यांना वाटते, हे बोललो तर विक्रीला मान्यता दिल्यासारखे होईल. धंदेवाल्यांना वाटते, बोललो तर जबाबदारी गळ्यात पडेल. पुढच्या संवादात हाच टाळलेला विषय आहे. एका बाजूला तालुक्याच्या गावाबाहेर, रस्त्यालगत परमिट रूम चालवणारा मालक आणि दुसऱ्या बाजूला रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळी करणारी डॉक्टर. दोघे दोन पेशांची प्रातिनिधिक मते मांडतात.

चालक: मॅडम, माझ्याकडे येतो तो माणूस सज्ञान असतो. स्वतःच्या पायाने येतो, स्वतःच्या पैशाने पितो. वाण्याने मधुमेहाच्या माणसाला साखर तोलून दिली, म्हणून त्याला कुणी पकडत नाही. मग माझ्यावरच डोळा का?

डॉक्टर: शेठ, साखर खाल्ल्यावर आणखी साखर मागावी की नाही, हे ठरवणारी अक्कल जात नाही. तुमचा माल पहिल्यांदा तीच अक्कल घेऊन जातो. पहिला पेग गिऱ्हाईक मागते. पाचवा मागतात ते आधीचे चार पेग.

चालक: पण कायद्याने ठरवावे ना किती द्यायची ते. कायद्यात आकडा आहे का?

आकडा नाही, हे चालकाचे म्हणणे खरे आहे. महाराष्ट्रातल्या मद्यविक्रीचा पाया १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. नावातच बंदी आणि विक्री मात्र परवान्याने, असा हा जुना पेच आहे. या कायद्याखाली विक्रेत्याला परवाना लागतो आणि पिणाऱ्यालाही पिण्याचा परवाना लागतो. एका दिवसाचा हा परवाना परमिट रूममध्येच देण्याची सोय असते. अनेक गिऱ्हाइकांनी तो जन्मात पाहिलेला नसतो. वयाची अट मात्र स्पष्ट आहे. व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण हवीत, बिअरसाठी २१. शेजारच्या गोव्यात सरसकट २१ आहे. त्यामुळे गोव्याला जाऊन आलेली बावीस-तेवीसची पोरे इकडे वेटरशी हुज्जत घालतात, आणि ती खोटे बोलतात असेही नसते. सार्वजनिक जागी पिऊन धिंगाणा घालणाऱ्यावर या कायद्याच्या ८५ व्या कलमाखाली कारवाई होते. म्हणजे पिणाऱ्याच्या वागण्याला कलम आहे. धुंद झालेल्याला आणखी ओतणारा मात्र चर्चेत क्वचितच येतो.

तो चर्चेत आला २०२४ मध्ये. १९ मे रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. अपघाताआधी तो ज्या-ज्या ठिकाणी बसला होता, तिथल्या मालक-व्यवस्थापकांना पोलिसांनी अल्पवयीनाला मद्य दिल्याच्या आरोपावरून अटक केली आणि उत्पादन शुल्क विभागाने ती ठिकाणे सील केली. त्याच वर्षी जुलैत वरळीत मोटारीखाली एक महिला ठार झाली. तेव्हाही पंचविशी न गाठलेल्या तरुणाला कडक मद्य दिल्यावरून जुहूच्या एका बारवर कारवाई झाली. दोन्ही वेळा गल्ल्यावरच्या माणसापर्यंत प्रकरण पोचले ते वयाच्या अटीमुळे. तीसचा माणूस असता आणि सात पेग पाजले असते, तर बारला कुणी हात लावला असता का, हा प्रश्न तसाच राहिला.

इतर देशांनी तो सोडवून टाकला आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्यानुसार धुंद माणसाला जाणूनबुजून मद्य विकणे हा गुन्हा आहे, आणि त्याच्यासाठी दुसऱ्याने मागवून घेणे हाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत, स्पष्ट दिसण्याइतक्या धुंद गिऱ्हाइकाला पाजले आणि त्याने पुढे कुणाला चिरडले, तर जखमी माणूस बारवाल्याकडून नुकसानभरपाई मागू शकतो. ऑस्ट्रेलियात ग्लास भरणाऱ्याला प्रशिक्षणाचा दाखला लागतो. भारतात मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको असा आदेश दिला, आणि पुढच्या वर्षी शहरांच्या हद्दीपुरती त्यात सूट मिळाली. आपल्याकडची पद्धत अशी, की दुकान रस्त्यापासून किती मीटरवर ते मोजायचे. आत बसलेल्याच्या पोटात किती मिलिलिटर गेले ते मोजायचे नाही.

डॉक्टर: मोजायचेच तर ग्लास मोजू नका, आतला अल्कोहोल मोजा.

हा हिशेब साधा आहे आणि वेटर, त्याच्यावरचा कॅप्टन, गल्ल्यावरचा माणूस या तिघांनाही पाठ हवा. भारतीय बनावटीची व्हिस्की किंवा रम साधारण ४२.८ टक्के अल्कोहोलची असते. तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये त्यामुळे सुमारे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतो. लार्ज म्हणजे वीस ग्रॅम. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे साठ ग्रॅम, सहा छोटे पेग. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. गफलत होते ती बिअरमध्ये. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे चाळीस ग्रॅमहून थोडा जास्त अल्कोहोल, म्हणजे चार छोटे पेग. ‘दारू नको, नुसती बिअर घेतो, गाडी चालवायची आहे’ असे म्हणून दोन स्ट्राँग संपवणाऱ्याने चार लार्ज घेतलेले असतात. माइल्ड बिअरची तेवढीच बाटली अडीच छोट्या पेगांच्या घरात जाते आणि वाइनचा दीडशे मिलिलिटरचा ग्लास दीड पेगाच्या.

चालक: आमच्याकडे अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक स्ट्राँगच मागते. आणि खरे सांगायचे तर बिअरवाल्याकडे आमच्या पोरांचे लक्षच नसते. ते व्हिस्कीवाल्याला बघत बसतात.

डॉक्टर: कायद्याची रेघ कुठे आहे, तेही बघा. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम.

सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात एक छोटा पेग सुमारे वीस मिलिग्रॅम चढवतो. दुसऱ्या पेगाला, पहिला उतरायच्या आत, रेघ ओलांडली जाते. बायकांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच पेगाने पातळी जास्त वाढते; पन्नास-पंचावन्न किलोच्या स्त्रीला एकच छोटा पेग रेघेपर्यंत नेऊ शकतो. उतरण्याचा वेग मात्र कुणाच्या हातात नाही. तासाला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास पातळी खाली येते, म्हणजे यकृत तासाभरात एक छोटा पेगही पुरता निकालात काढत नाही. लिंबूपाणी, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी, बोटे घालून काढलेली उलटी, यांतल्या कशानेही हा वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडते आणि झोप उडालेला, प्यायलेला माणूस स्टिअरिंगवर बसतो. रात्री नवाला सुरू करून चार लार्ज घेतलेल्याच्या रक्तातली पातळी तिसाखाली यायला पहाटेचे सहा वाजतात. ही सगळी सरासरी आहे; पोट रिकामे की भरलेले, सोडा घातला की पाणी, वजन किती, यावर कमी-जास्त होते. रिकाम्या पोटी आणि सोड्यासोबत चढण लवकर लागते. शेवटच्या घोटानंतरही अर्धा-एक तास पातळी वाढत राहू शकते. ‘बिल देताना ठीक होता, पार्किंगमध्ये पडला’ याचा उलगडा इथे आहे.

चालक: आकडे मान्य. पण माणसागणिक फरक असतो, मॅडम. एक जण दोन पेगांत टल्ली होतो. दुसरा आमचा रोजचा कंत्राटदार, क्वार्टर संपवून उठतो, पाऊलसुद्धा वाकडे पडत नाही. त्याला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

डॉक्टर: रोज पिणाऱ्याचे वागणे सावरलेले दिसते. रक्तातला आकडा सावरत नाही. अडथळा समोर आला की ब्रेक लावायला त्यालाही वेळ जास्तच लागतो. आमच्याकडे स्ट्रेचरवर येतात त्यांतले किती तरी असेच ‘मला चढत नाही’वाले असतात.

म्हणून नुसत्या लक्षणांवर भिस्त ठेवणारी पद्धत अर्धीच राहते आणि नुसत्या मोजणीवर भिस्त ठेवणारीही. दोन्ही लागतात. मोजणीसाठी नवे यंत्र नको. प्रत्येक टेबलाची ऑर्डर पावतीवर चढतच असते, तिच्यावर वेळही असते. दर तासाला माणशी दोन छोट्या पेगांच्या वर टेबल गेले, की कॅप्टनने एक चक्कर मारायची, एवढा नियम पुरतो. अडचण येते ती एकाच्या नावाने चौघांच्या ऑर्डरी जातात तेव्हा. कोण किती प्यायला ते पावतीवरून कळत नाही. तिथे वेटरचे डोळे हवेत.

लक्षणे कुठली? झोकांड्या आणि बरळणे ही फार उशिराची. त्याच्या बऱ्याच आधी आवाज चढतो. समोरचा दीड फुटावर बसलेला असतो आणि बोलणे तिसऱ्या टेबलाला ऐकू जाते. एकच किस्सा पुन्हा सुरू होतो. चकन्याची वाटी हाताने सरकते आणि शेंगदाणे टेबलावर सांडतात. ते एकेक उचलून तोंडात घालताना बोटे चुकतात. गिऱ्हाईक मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बघते, लांब धरते, पुन्हा जवळ. आधीचा ग्लास अर्धा असताना नवी ऑर्डर येते. अनोळखी टेबलाशी बोलणे सुरू होते, मग तिथल्या बाईकडे टक लावून बघणे. उलट काही जण एकदम गप्प होतात आणि घोट मोठे घेऊ लागतात. अनुभवी वेटर हे सारे न शिकता ओळखतो. नव्या पोराला शिकवावे लागते, आणि या धंद्यात पोरे टिकत नसल्याने दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा शिकवावे लागते.

इथे डॉक्टर एक धोक्याची गोष्ट सांगते, ती धंदेवाल्यांच्या गावीही नसते. झोकांडी जाणारा, जडावलेले बोलणारा, घामाघूम माणूस प्यायलेलाच असेल असे नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर उतरली की तो नेमका असाच दिसतो, आणि उपाशीपोटी दारू प्यायल्याने साखर आणखी उतरते. पक्षाघाताचा झटका, डोक्याला आतून लागलेला मार, झोपेच्या गोळ्या यांचेही तसेच. एक पेग घेऊन माणूस अचानक विचित्र वागू लागला, तर ‘याला चढली’ म्हणून कोपऱ्यात बसवणे जिवावर बेतू शकते. पावतीवरचा आकडा आणि समोरची अवस्था यांचा मेळ बसत नसेल, तर तो वैद्यकीय प्रश्न समजायचा.

आता मुख्य दुखणे: नकार. इथे चालकाला डॉक्टरपेक्षा जास्त कळते.

डॉक्टर: सरळ सांगायचे, तुम्हाला आता देता येणार नाही.

चालक: मॅडम, असे चारचौघांत सांगितले की ग्लास भिंतीवर फुटतो. माणसाला दारू नाकारली याचा राग कमी असतो. दोस्तांपुढे पाणउतारा झाला, याचा जास्त. आम्ही आधी वेग मोडतो. वेटर टेबलाकडे जातच नाही. हाक मारली की ‘आलो साहेब’ म्हणतो आणि दहा मिनिटांनी जातो. मग न मागवता मसाला पापड, गरम काहीतरी, पाण्याची बाटली. जेवणाचे मेनू कार्ड समोर ठेवायचे, ‘तंदूर बंद होतोय साहेब, रोटी सांगून ठेवू?’ असे विचारायचे. दहातले सात जण तिथेच वळतात.

डॉक्टर: आणि उरलेले तीन?

चालक: त्यांच्यातला शुद्धीवर असलेला मित्र हेरायचा. त्याला बाजूला, हात धुवायच्या बेसिनपाशी गाठायचे. ‘दादा, तुमच्या मित्राला जरा आवरा, गाडी कोण चालवणार?’ मित्राचे ऐकतात. एकटाच असेल, तर कॅप्टनने जायचे, वेटरने नाही. खुर्ची ओढून शेजारी बसायचे, उभे राहून बोलायचे नाही. ‘प्यायलात’, ‘चढली’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ‘साहेब, आजचा कोटा झाला, मालकांचा नियम आहे, माझी नोकरी जाईल.’ दोष नियमावर ढकलायचा.

या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे, आणि प्रशिक्षणाच्या परदेशी पुस्तिकाही फिरून तेच सांगतात: लवकर हालचाल करा, एकांतात बोला, वागण्याबद्दल बोला, माणसाबद्दल नको, पर्याय पुढे ठेवा, आणि एकदा नाही म्हटले की फिरवू नका. शेवटचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत कच्चा आहे. वेटर नाही म्हणतो, गिऱ्हाईक आवाज चढवते, गल्ल्यावरून मालक ओरडतो, ‘दे रे, शेवटचा दे.’ या एका वाक्याने त्या वेटरचा पुढच्या वर्षभराचा नकार निकालात निघतो. त्या टेबलाला आणि शेजारच्या तिन्ही टेबलांना कळते, की आवाज चढवला की मिळते. ‘मालकांचा नियम आहे’ हे वाक्य टिकायचे असेल, तर मालकाने तो नियम सगळ्यांत आधी पाळला पाहिजे. चालक हे ऐकून घेतो, पण लगेच त्याच्या भात्यातला सगळ्यात पक्का बाण काढतो.

चालक: आणि ज्याला नाही म्हणायचे तोच पुढाऱ्याचा माणूस असला तर? ‘ओळखतोस का मी कोण आहे?’ असे म्हणणारे आठवड्याला दोन येतात. त्याला थांबवले की दुसऱ्या दिवशी तपासणी येते. पाण्याचा निचरा नीट नाही, अग्निशमनचा कागद जुना झाला, काय वाटेल ते निघते. तुमच्या पुस्तिकेत याचे उत्तर आहे का?

डॉक्टर: नाही.

उत्तर खरेच नाही, आणि जबाबदार सेवेवर लिहिलेले बरेच साहित्य इथे गप्प बसते. नकार देण्याची ताकद ज्याच्या पाठीशी यंत्रणा उभी आहे त्यालाच असते. स्टॉकहोमच्या बारचा परवाना गावच्या दादाच्या मर्जीवर नसतो. तरीही तिथला अनुभव बघण्यासारखा आहे, कारण तिथेही सुरुवातीला कुणी नाही म्हणत नव्हते. स्वीडनमध्ये उघड धुंद दिसणाऱ्याला मद्य देऊ नये असा कायदा आधीपासून होता. १९९६ मध्ये संशोधकांनी धुंद असल्याचे सोंग करणारे नट स्टॉकहोमच्या बारमध्ये पाठवले. फक्त पाच टक्के ठिकाणी त्यांना नकार मिळाला. मग वेटर आणि दरवानांचे प्रशिक्षण, परवाना देणारी यंत्रणा, पोलीस आणि बारमालकांच्या संघटना यांची एकत्र बैठक, आणि नियम मोडणाऱ्यांना पत्रे, असा कार्यक्रम चालला. १९९९ मध्ये नकाराचे प्रमाण ४७ टक्क्यांवर गेले, २००१ मध्ये ७० टक्क्यांवर. त्याच काळात शहराच्या त्या भागात पोलिसांकडे नोंदवलेला हिंसाचार २९ टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासात आढळले. एकट्या प्रशिक्षणाने हे झाले नाही. सगळे बार एका वेळी नाही म्हणू लागले, आणि नाही म्हणणाऱ्याच्या मागे पोलीस उभे राहिले.

चालक: हेच तर म्हणतो मी. मी नाही म्हटले, तर तो पन्नास पावलांवर समोरच्याकडे जातो. माझे गिऱ्हाईक गेले आणि त्याची दारू काही थांबली नाही.

डॉक्टर: मग समोरच्याशी बोला. तालुक्यात तुमची संघटना आहे. परवाना फी वाढली की एका दिवसात सगळे बार बंद ठेवता, तेव्हा एकी होते.

या टोल्याला चालकाकडे उत्तर नाही. एकी फीपुरती असते, नकारापुरती नसते, ही धंद्यातली उघड गोष्ट आहे. पण संघटनेने दोन-तीन गोष्टी जरी ठरवल्या, तरी रस्त्यावरचे चित्र बदलू शकते: एका बारने थांबवलेल्याला दुसऱ्याने न देणे, रात्री बंद व्हायच्या अर्धा तास आधी शेवटची ऑर्डर घेणे, आणि तिच्यात माणशी एकाहून जास्त पेग न देणे. शेवटच्या ऑर्डरीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत परमिट रूमला रात्री दीडपर्यंत मुभा असते. एक वाजता ‘लास्ट ऑर्डर’ची हाळी झाली, की चार-चार पेग एकदम मागवले जातात आणि वीस मिनिटांत रिचवले जातात. दिवसभरात कुणी पीत नसेल इतक्या वेगाने लोक त्या वीस मिनिटांत पितात, आणि ती दारू पुरती चढते तेव्हा ते रस्त्यावर असतात.

टिपेचाही विचार व्हायला हवा. टिप बिलावर चालते, म्हणून वेटरचे पोट आणखी एका पेगावर अवलंबून असते. काही ठिकाणी सगळ्यांची टिप एका डब्यात टाकून रात्री वाटतात. तिथे एका टेबलाला नाही म्हटल्याचा फटका एकट्यावर बसत नाही. ज्या मालकाला खरेच नकार हवा आहे, त्याने जेवणाच्या बिलावर वेटरला काही ठेवावे. दारू थांबली तरी ताट लागते. चालकाला ही सूचना पटते, कारण त्याच्या मते जेवणावर त्याला सुटतेही जास्त.

थांबवलेल्या माणसाचे पुढे काय? अनेक परमिट रूम त्याला दाराबाहेर काढून मोकळ्या होतात. बाउन्सरने हाताला धरून बाहेर काढलेला, चिडलेला, धुंद माणूस किल्ली हातात घेऊन आपल्या मोटारसायकलशी उभा राहतो.

डॉक्टर: त्याची किल्ली काढून घ्या.

चालक: हिसकावली तर चोरीचा आळ, दार लावले तर कोंडून ठेवल्याचा. माझ्या पोरांनी अंगाला हात लावला की मारामारी, आणि मारामारीत माझेच पोर आत जाते.

इथेही चालकाची भीती खोटी नाही. बळजबरीने किल्ली घेण्याचा अधिकार बारवाल्याला नाही. पण बसताना किल्ली मागून घेण्यात कुणाचा अपमान होत नाही. पार्किंगवाला पोऱ्या ठेवणाऱ्या हॉटेलांत किल्ली काउंटरवरच असते, आणि ती परत द्यायच्या आधी माणसाकडे एकदा नीट बघता येते. ज्याच्याकडे किल्ली राहिली, त्याला आकडा सांगावा: १८५ व्या कलमाखाली पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. उपदेश ऐकत नाही तो माणूस दहा हजार ऐकून थबकतो. ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर गल्ल्यावर हवेत, आणि गाडी रात्रभर आवारात ठेवायची मुभा हवी. सकाळी गाडी तिथे नसेल या धास्तीनेच बरेच जण रात्री ती घेऊन निघतात. एवढे करूनही तो निघालाच, तर गाडीचा क्रमांक आणि दिशा ११२ ला कळवायची. चालकाला हे गिऱ्हाइकाशी दगाबाजी वाटते. डॉक्टरला वाटत नाही. या मुद्द्यावर दोघांचे जमत नाही.

टेबलावरच मान टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी. हाक मारून, खांदा हलवून तो जागा होत असेल, तर त्याला कुशीवर वळवून, वरचा गुडघा दुमडून ठेवायचे, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जात नाही. पाठीवर निजवायचे नाही. पाणी पाजायचे नाही, तोंडात काही घालायचे नाही, एकटे सोडायचे नाही. जागाच होत नसेल, श्वास संथ किंवा घरघरता असेल, अंग गार आणि ओठ निळसर असतील, तर १०८ ला फोन करायचा आणि किती, काय, किती वाजेपर्यंत प्यायला, ते पावती बघून सांगायचे. ‘झोपू द्या, उतरेल’ या वाक्यावर किती जण वाट बघत राहिले आणि उशीर झाला, हे अपघात विभागाला चांगले माहीत असते. एकटी, धुंद झालेली बाई असेल आणि ‘मी सोडतो घरी’ म्हणणारा पुरुष तिच्यासोबत आलेला नसेल, तर त्याच्या हाती तिला द्यायची नाही. तिच्या फोनवरून घरच्या माणसाला किंवा मैत्रिणीला बोलवायचे आणि ते येईपर्यंत तिला काउंटरजवळ, उजेडात बसवायचे.

राहते ती नोंद. ज्या रात्री कुणाला थांबवले, बाहेर नेले, रिक्षात बसवले किंवा रुग्णवाहिका बोलावली, त्या रात्री एका वहीत चार ओळी लिहायच्या: वेळ, टेबल, किती दिले होते, काय घडले, कोण हजर होते.

चालक: म्हणजे उद्या पोलीस आले की माझ्याच हाताने लिहिलेला पुरावा माझ्याविरुद्ध.

डॉक्टर: वही नसेल, तर पुरावा म्हणून तुमचे बिल आहेच. त्यावर सात पेग छापलेले असतात. तुम्ही त्याला आठवा दिला नाही, हे मात्र बिलावर कुठेच नसते.

चालक वही ठेवायला तयार होतो, पण एका अटीवर: ती गल्ल्याच्या खणात, कुलपात राहील आणि लिहील फक्त कॅप्टन. डॉक्टरच्या मते ज्या वेटरने नकार दिला त्याचे नाव त्यात यायला हवे, म्हणजे पुढच्या वेळी मालक त्याच्यावर ओरडताना दोनदा विचार करेल.